आधी सही

लिफ्टच्या आत, बटणांच्या वर, एक कार्ड लटकवलेलं असतं. महिन्याची तारीख आणि तपासणाऱ्याची सही. तुम्ही ते कधी वाचलं नसेल. कोणीच वाचत नाही, आणि याच भरवशावर मी पंचवीस वर्षं नोकरी केली.

काम असं असतं. दर महिन्याला मिस्त्रीनं इमारतीच्या माथ्यावर, यंत्राच्या खोलीत जायचं. मोटर बघायची, दोर बघायचे, ब्रेक उघडून त्याचं अस्तर किती झिजलंय ते बघायचं, ग्रीस भरायचं आणि मग खाली येऊन कार्डावर सही करायची. मी काय करायचो, खिशात ग्रीस लागलेलं एक फडकं ठेवायचो. इमारतीत शिरायचं, चौकीदाराशी दोन गप्पा मारायच्या, फडक्याला अंगठा पुसायचा आणि सहीच्या शेजारी एक झकास काळा ठसा उमटवायचा. ठसा बघून लोकांना वाटायचं, बिचारा किती राबला! वर्कशॉपमध्ये मला थापाड्या म्हणतात. उगाच नाही म्हणत.

ही फडक्याची युक्ती मला ज्यानं शिकवली, त्याची ही गोष्ट आहे.

तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, कामात माझा जोडीदार. हात असा की नुसत्या आवाजावरून मोटरचं दुखणं सांगायचा, आणि आळस असा की आवाज ऐकायलाही वर जायचा नाही. आम्ही दोघं मिळून एका दिवसात नऊ इमारती उरकायचो आणि दुपारी दोनला वर्कशॉपच्या मागच्या बाकावर पाय पसरून झोपायचो. मालकाला वाटायचं, काय हुन्नरी पोरं आहेत. ते दिवस चांगले होते. त्याला ते पाप वाटायला लागलं तेव्हा मला त्याचा फार राग आला.

पाप वाटायला लागलं, कारण तो ख्रिस्ती झाला. कसा झाला ते मला विचारू नका. त्याची बायको आधीपासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये जायची, हा तिला सोडायला जायचा आणि बाहेर उभा राहायचा. मग एका रविवारी आत बसला. एवढंच मला माहीत आहे. पुढच्या सोमवारी तो कामावर आला आणि आपल्या वाट्याच्या एकतीसच्या एकतीस इमारतींचे जिने चढला. महिनाभर लागला त्याला. सात लिफ्ट त्यानं बंद करून टाकल्या. एका दवाखान्याच्या लिफ्टवर पाटी लावली तेव्हा तिथल्या डॉक्टरनं त्याला सगळ्यांदेखत शिव्या दिल्या. यानं डॉक्टरला हाताला धरून वर नेलं आणि दोराच्या तुटलेल्या तारा दाखवल्या. डॉक्टर खाली आला तो जिन्यानं.

त्यानं खिशातलं फडकं फेकून दिलं. त्याऐवजी पिशवीत एका पत्र्याच्या डबीत साबणाची वडी ठेवायला लागला. म्हणून तो साबण्या. नाव मीच ठेवलं. त्याला आवडलं, हा त्याचा अजून एक दोष.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावरच आहे. काळ्या ठशाची त्याला शिसारी बसली होती. तो ठसा म्हणजे आमच्या लबाडीची खूण. म्हणून त्यानं ठरवलं की आपलं कार्ड पांढरंशुभ्र राहिलं पाहिजे. पण वरून काम करून आलं की हात कितीही धुवा, नखांत काळं राहतंच, आणि ते कागदाला लागतंच. मग तो इमारतीत आला की आधी स्वच्छ हातांनी कार्डावर सही करायचा, आणि मग वर जायचा. नियम याच्या उलटा आहे, तो त्यालाही ठाऊक होता. मी एकदा म्हटलं, "अरे, आधी काम, मग सही. तू वरात आधी काढतोस आणि लग्न नंतर."

तो म्हणाला, "एकदा सही केली की वर गेल्याशिवाय मला चैन पडत नाही. सहीच मला वर ढकलते."

खरं होतं ते. एकोणीस वर्षं त्या सहीनं त्याला वर ढकललं. गुडघे दुखत असताना, ताप असताना, मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा. त्याची कार्डं बघायला लोक एकमेकांना सांगायचे. हळूहळू असं झालं की एखाद्या इमारतीत आमच्यातला दुसरा कोणी गेला की तिथली माणसं विचारायची, तो साबणवाला नाही आला? त्याची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि कोणी त्याला विचारलं, बाबा रे, तू एवढा नेकीनं कसा काय वागतोस, की तो लाजत लाजत आपल्या प्रभूचं नाव सांगायचा. त्याला भाषण येत नव्हतं. शुभवर्तमान वाचून दाखवायला घेतलं की अडखळायचा. मला त्यानं किती वेळा सांगून बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी. पण त्याच्या चर्चचे पाळक म्हणायचे, आमचे उपदेश लोक विसरतात, याची कार्डं विसरत नाहीत.

तरी एकोणीस वर्षांत त्याच्या सांगण्यावरून ख्रिस्ताकडे वळला असा एकही माणूस नव्हता. याचं त्याला फार वाटायचं. बोलायचा नाही, पण वाटायचं. एकच माणूस वळू लागला होता, आणि तो म्हणजे मास्तर.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. एका सहा मजली इमारतीत पाचव्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको राहायची. मूलबाळ नाही. माणूस असा की दुकानदारानं "एक नंबर माल आहे" म्हटलं तर विचारायचे, "दोन नंबर कुठे आहे, तुलना करून बघू." देवाधर्माच्या वाटेला कधी गेले नाहीत. पण साबण्या महिन्याला यायचा तेव्हा काम झाल्यावर त्याला चहाला बोलवायचे आणि दोघं तासभर वाद घालायचे. म्हणजे मास्तर घालायचे. साबण्या कप धरून बसायचा. बाई मधूनच म्हणायच्या, "अहो, त्याला चहा तरी पिऊ द्या, गार झाला." असं अकरा वर्षं चाललं.

कार्ड वर्षाला बदलतं. जुनं कार्ड आम्ही फाडून टाकतो. मास्तरांनी एकदा ते मागून घेतलं आणि मग दरवर्षी मागून घ्यायला लागले. टेबलाच्या खणात त्यांनी ती एकावर एक रचून ठेवली होती. मी एकदा साबण्याबरोबर गेलो होतो तेव्हा त्यांनी ती मला दाखवली.

"हे बघा. बारा महिने, बारा सह्या, एक डाग नाही. तुमच्या मित्राचं पुस्तक मला पटत नाही. त्यातली निम्मी विधानं सिद्ध करता येत नाहीत. पण ही सही मला कळते. आता जो माणूस कोणी बघत नसताना सहा जिने चढून वर जातो, तो इतर बाबतीत मला फसवेल असं मानायला आधार काय?"

 माझ्या खिशात फडकं होतं.

त्या वर्षी मास्तरांनी स्वतःहून सांगितलं की मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. पाळकांनी तारीख ठरवली, एका रविवारची. साबण्या वर्कशॉपमध्ये आला. मला मिठी मारली त्यानं, सगळ्यांसमोर, मिस्त्री लोकांत असं कोणी करत नाही. "एक," तो म्हणाला. "एक तरी माणूस घेऊन जाईन मी प्रभूपुढे."

त्या रविवारच्या पाच आठवडे आधीची गोष्ट. साबण्या सकाळी मास्तरांच्या इमारतीत आला, हात धुतले, सही केली. इतक्यात पाळकांचा फोन आला. मंडळीतला एक म्हातारा रुग्णालयात अखेरचा श्वास घेतोय, तो तुझं नाव घेतोय, येऊन प्रार्थना कर. साबण्यानं पिशवी उचलली. दुपारी परत येऊ म्हणाला असेल मनात. पण म्हातारा दुपारी गेला, घरात करणारं कोणी नव्हतं, पेटी आणण्यापासून खड्डा खणवण्यापर्यंत सगळं यानंच केलं. त्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्याच्या मनात पाल चुकचुकली, त्या इमारतीत मी वर गेलो होतो ना? वाट वाकडी करून तो तिथे गेला आणि कार्ड बघितलं.

कार्डावर सही होती. स्वतःची.

आणि त्यानं त्या सहीवर विश्वास ठेवला! सगळं गाव ठेवायचं, यानंही ठेवला. सही आहे म्हणजे मी वर गेलोच असणार, एवढं म्हणून तो पुढच्या इमारतीकडे वळला. माझी सही असती तर मी दहा वेळा तपासली असती. मला माहीत होतं मी कोण आहे.

वर काय झालं होतं ते सांगतो. गिअरच्या पेटीचं सील गेलं होतं आणि तेल थेंब थेंब ब्रेकवर पडत होतं. वर जाऊन एकदा बघितलं असतं तर दिव्याच्या उजेडात चकाकताना दिसलं असतं. अर्ध्या तासाचं काम होतं.

तीन आठवड्यांनी बाई भाजी घेऊन एकट्याच वर येत होत्या. लोकांना वाटतं लिफ्ट बिघडली की खाली पडते. पण दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन असतं; आत एकटं माणूस असलं की त्या वजनाची बाजू जड होते, आणि ब्रेक सुटला तर लिफ्ट वर सरकते. पाचव्या मजल्यावर थांबून बाईंनी जाळीचं दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला, आणि मागचा पाय लिफ्टसकट वर निघाला. दोन फूट असेल. स्वतःच्या दारासमोर त्या पुढच्या पुढे पडल्या. खुबा मोडला. मास्तर आतून धावत आले तेव्हा टोमॅटो जिन्यावरून खाली घरंगळत होते, असं चौकीदार सांगायचा.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये चौकशी. मालकानं ते कार्ड मागवून टेबलावर ठेवलं होतं. त्याचा चेहरा अगदी शांत होता. "सही आहे. तपासणी झालेली आहे. सील नंतर गेलं, त्याला कोण काय करणार? कोणाचा दोष नाही," तो म्हणाला आणि साबण्याकडे बघून हसला. "तुझं कार्ड आहे म्हणून सगळं सोपं आहे. दुसऱ्या कोणाचं असतं तर विश्वास बसला नसता लोकांचा."

साबण्या पांढरा पडला होता. बाहेर आल्यावर त्यानं मला सांगितलं, कार्डावरची तारीख बघून आता त्याला आठवलं होतं की सही केली तेवढ्यात फोन आला आणि वर जायचं राहून गेलं. आम्ही त्या मागच्या बाकावर बसलो होतो, जिथे तरुणपणी झोपायचो.

मी म्हटलं, "हे आता तुझ्या-माझ्यात राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मास्तरांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस! अरे, दोन आठवड्यांत ते बाप्तिस्म्याला पाण्यात उतरणार आहेत. तूच म्हणालास ना, एक माणूस? मग तो हातचा कशाला घालवतोस?"

तो पाळकांकडे गेला. मी त्याच्यासोबत होतो. पाळक भला माणूस, पण फोन त्यांनीच केला होता हे त्यांच्याही डोळ्यांत दिसत होतं.  ते म्हणाले, "मी तुला खोटं बोल असं कधीच सांगणार नाही. पण सगळं आजच बोललं पाहिजे असंही नाही. त्यांचा बाप्तिस्मा होऊ दे. विश्वास मुळं धरू दे. मग सांग." म्हणजे मी जे सांगितलं तेच, फक्त हात जोडून.

साबण्यानं विचारलं, "माझ्या सहीवर विश्वास ठेवून जर ते येत असतील, आणि ती सही खोटी असेल, तर ते कोणाकडे येतायत?"

तिथून तो तसाच रुग्णालयात निघाला, आणि मी त्याच्या मागे.  

मास्तर रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकावर बसले होते. बाईंचं ऑपरेशन झालं होतं. साबण्याला बघून मास्तरच उठले आणि त्याचा हात धरला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. मी कार्ड बघितलं. तू तुझं काम केलं होतंस."

"मास्तर, त्या महिन्यात मी वर गेलो नव्हतो."

"सही आहे."

"सही आहे. पण मी गेलो नव्हतो."

मास्तरांनी त्याचा हात सोडला नव्हता अजून. मला स्पष्ट दिसत होतं, ते त्याच्या बाजूनं कारण शोधत होते. गणित सुटत नसलं की विद्यार्थ्याला एखादी पायरी सुचवावी तसे ते म्हणाले, "गडबडीत चुकून केली असशील. एखादी. माणूस आहेस."

इथे थांबायचं होतं. एवढी एक पायरी मास्तरांनी दिली होती, तिच्यावर पाय ठेवायचा आणि पलीकडे जायचं. मी मागून त्याचा सदरा ओढला. पण या माणसाचं सगळं आयुष्यच हात दाखवून अवलक्षण!

"चुकून नाही, मास्तर. मी सही नेहमी आधीच करतो. वर जायच्या आधी."

"नेहमी?"

"नेहमी. कार्ड खराब होऊ नये म्हणून."

मास्तरांनी हात सोडला. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे माझ्या खणातल्या सगळ्या," ते म्हणाले. आवाज चढला नाही त्यांचा. "काम झालं असं ती सही सांगत नव्हती. काम करीन असं म्हणत होती. मी अकरा वर्षं वचनाला पुरावा समजत होतो. चूक माझी आहे."

"मास्तर, त्या दिवसाशिवाय प्रत्येक वेळी मी वर गेलो होतो. देवाशपथ."

"असेल. पण ते मला कसं कळणार?" मग मास्तर म्हणाले, "रविवारचं पाळकांना तूच सांग. मी येणार नाही."

पुढचं लवकर सांगतो, कारण सांगण्यासारखं काही नाही. साबण्यानं मालकालाही खरं सांगितलं आणि लिहून दिलं. त्याचा सहीचा अधिकार गेला. मालकानं जुना माणूस म्हणून काढला नाही, कोठारात बसवलं, पाने आणि बोल्ट मोजून द्यायला. इमारतींमध्ये बातमी पसरली. ज्यांनी एकोणीस वर्षं त्याच्या कार्डाचं कौतुक केलं, तेच म्हणायला लागले, आम्हाला आधीपासून वाटायचंच, एवढं पांढरं कार्ड कधी असतं का? माझ्या काळ्या ठशांवर मात्र कोणाचा संशय नव्हता. मंडळीतल्या एका बाईला शेजारणीनं ऐकवलं, तुमच्यातले तर आधीच सह्या करून मोकळे होतात. खरं बोलल्याबद्दल त्याला कोणी एक शब्द चांगला म्हटला नाही. खरं सांगून काय मिळालं, असं मी त्याला एकदा चिडून विचारलं. तो कोठारात नटांचे डबे लावत होता. म्हणाला, "काही नाही." आणि डबे लावत राहिला.

ती इमारत माझ्या वाट्याला आली. पहिल्या महिन्यात मी नेहमीसारखा फडकं घेऊन गेलो, अंगठा काळा केला, आणि लिफ्टमध्ये कार्डासमोर उभा राहिलो. मग अंगठा विजारीला पुसला आणि वर गेलो. श्रद्धेनं नाही, भीतीनं गेलो. पण गेलो. ब्रेक उघडला, बघितलं, खाली येऊन हात धुतले आणि मग सही केली. पुढच्या महिन्यातही गेलो. मग बाकीच्या इमारतींतही जायला लागलो. साबण्याला हे मी सांगितलं नाही. आपल्याला त्याचं काहीतरी लागलं हे कबूल करायची मला लाज वाटायची.

बाई परत चालल्या नाहीत. लिफ्टमध्ये पाऊल टाकणार नाही म्हणाल्या, आणि पाच मजले कोणी उचलून न्यायचं? चार वर्षं त्या पाचव्या मजल्यावरच आहेत. मास्तरही लिफ्टनं जात नाहीत. सत्तरीचा माणूस, भाजीची पिशवी घेऊन जिना चढतो आणि प्रत्येक मजल्यावर थांबतो.

साबण्याला छातीचं दुखणं लागलं. शेवटी शेवटी त्याला भिंतीला टेकवून बसवावं लागायचं. मी रविवारी जायचो. दर वेळी तो एकच विचारायचा, "मास्तर काय म्हणतात?" मी म्हणायचो, "बरे आहेत." तो आणखी काहीतरी येईल म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहायचा, आणि मी चहाचा कप शोधायचो.

एक दिवस त्याची बायको, आमच्या वहिनी, मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि दार ओढून घेतलं. "भावजी, डॉक्टर म्हणाले, आठवडा, फार तर दहा दिवस. एक मागू?"

"मागा की."

"मास्तरांनी माफ केलं असं सांगा त्यांना. एवढंच. प्रार्थना करतात ते, पण मध्येच थांबतात. म्हणतात, मी एका माणसाला दारातून परत पाठवलं. ते ओझं घेऊन नका जाऊ देऊ त्यांना." त्या रडत नव्हत्या. "खोटं बोलणं पाप आहे हे मला कळतं. ते माझ्या नावावर मांडून घेईल देव. तुम्ही फक्त बोला. तुम्हाला तर सवय आहे."

मला राग आला नाही. खरंच होतं ते, खोटं बोलणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. मी हो म्हटलं.

तरी मी आधी मास्तरांकडे गेलो. वाटलं, खरंच मिळालं तर कशाला खोटं द्या. खोलीत बाईंचा पलंग खिडकीशी होता. त्यांनी मला विचारलं, "खाली न्हाव्याचं दुकान अजून आहे का हो?" मी म्हटलं, आहे. त्या खिडकीकडे वळल्या.

मास्तरांना मी सांगितलं की तो जाणार आहे, एकदा येऊन भेटा. त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि ती अकरा कार्डं काढली. फाडली नव्हती त्यांनी.

"एकशे बत्तीस सह्या," ते म्हणाले. "यातल्या किती खऱ्या?"

"सगळ्या. खोटी होती ती एकच, आणि ते कार्ड मालकाकडे आहे."

"कशावरून?"

"मी होतो ना त्याच्याबरोबर. मी बघितलंय त्याला वर जाताना. एकोणीस वर्षं. मास्तर, त्याच्यासारखा माणूस मी दुसरा बघितला नाही. मी साक्ष देतो."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. "तुम्हाला काय म्हणतात हो वर्कशॉपमध्ये?"

 आयुष्यात पहिल्यांदा मी कोणासाठी खरी साक्ष द्यायला उभा राहिलो, आणि ती घ्यायला कोणी नव्हतं. पन्नास वर्षं मी जे जमवलं होतं तेच माझ्या हातात आलं. मास्तरांनी कार्डं परत खणात ठेवली. "मी रागावलेलो नाही, असंही नाही," ते म्हणाले. "मी येणार नाही." बाईंना काय वाटतं ते कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

तिथून मी थेट साबण्याकडे गेलो. दुपार होती. तो भिंतीला टेकून बसला होता, वहिनी वाटीतून पेज भरवत होत्या. मला बघून त्यांनी चमचा वाटीत ठेवला. वाटभर मी वाक्य घोकत आलो होतो. मास्तर म्हणाले, साबण्याला सांगा, माझ्या मनात काही नाही. छोटंसं वाक्य. याहून मोठ्या थापा मी झोपेत मारल्या आहेत.

"मास्तरांकडे गेलो होतो," मी म्हटलं.

"काय म्हणाले?"

त्यानं मान पुढे केली. अंगात जीव नव्हता, पण मान पुढे केली. एका शब्दावर तो सुखानं गेला असता. आणि त्याच्या त्या तोंडाकडे बघून मला ते वाक्य उच्चारता येईना. त्यानं ज्यासाठी सगळं घालवलं, मास्तर घालवले, सही घालवली, तेच मी त्याच्या उशाशी बसून खोटं करणार होतो.

"येणार नाहीत," मी म्हटलं. "मी सांगून बघितलं. नाही म्हणाले."

वहिनींनी वाटी उचलली आणि आत गेल्या.

साबण्या मागे टेकला. त्याला रडू आलं, पण खोकल्यात कळलं नाही. मला वाटलं तो म्हणेल, खरं सांगितलंस ते बरं केलंस. काही म्हणाला नाही. मीही म्हणालो नाही की तुझ्यामुळे मी आता आधी वर जातो आणि मग सही करतो. ते सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्या घटकेला ते फार किरकोळ वाटलं. एका माणसाच्या बदल्यात एक थापाड्या! त्यानं भिंतीकडे तोंड केलं. पुढे नऊ दिवस तो होता. मास्तर काय म्हणतात, हे त्यानं पुन्हा विचारलं नाही.

मातीला थोडी माणसं होती. पाळक बोलले, चांगलं बोलले. सगळे पांगल्यावर मी वहिनींजवळ गेलो. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"सगळ्या जगाशी खोटं बोललात, भावजी," त्या म्हणाल्या. "मी एकदा मागितलं, तेवढंच नाही दिलंत."

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या इमारतीची तारीख होती. मी वर गेलो, ब्रेक उघडला, दिवा धरून बघितलं. सगळं कोरडं होतं. खाली येऊन चौकीदाराच्या नळावर हात धुतले, नखं घासली आणि लिफ्टमध्ये कार्डावर सही करत होतो तेव्हा मास्तर भाजीची पिशवी घेऊन बाहेरून इमारतीत आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. कार्डाकडे बघितलं नाही. पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि जिन्यानं वर गेले.